पंधरा टाक्यांचं ऑपरेशन

आमच्या घरात दुखण्याचं माप एकच होतं, टाके. ताप, डोकं, कंबर यांना टाके पडत नाहीत, म्हणून ती दुखणी धरायचीच नाहीत असा रिवाज. टाके पडले तर बाईनं अंथरुणावर पडायचं, आणि किती दिवस पडायचं तेही टाक्यांवरच ठरायचं. एका टाक्याला दोन दिवस. हे कोष्टक माझ्या सासूबाईंना त्यांच्या सासूकडून मिळालं होतं आणि त्यात सूट नव्हती. त्यांना स्वतःला उभ्या आयुष्यात एकही टाका पडला नव्हता, त्यामुळे त्यांना दिवसा आडवं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आमचं गाव आटपाडीच्या पुढे. तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, आमच्या रानात नुकतीच डाळिंबं आली होती आणि दोन म्हशी दुभत्या होत्या. नवरा फौजेत. वर्षातून एकदा यायचा, आल्यावर चार दिवस घर शिस्तीत चालायचं आणि तो गेला की आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो. शेती थोरले दीर बघायचे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. थोरल्या जावेला मी आक्का म्हणायची. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पण मी गावच्या शाळेत शिकवत होते म्हणून ती मला 'बाई' म्हणायची आणि 'तुमी' करून बोलायची. मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

या कोष्टकाचा फटका आक्काला माझ्याआधी बसला होता. तिसऱ्या मुलानंतर तालुक्याच्या शिबिरात तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं, ते बिनटाक्याचं. बेंबीजवळ भोक पाडून दुर्बिणीनं करतात ते. सरकारच्या दृष्टीनं फार सोयीचं, सकाळी बाई जीपमधून न्यायची, संध्याकाळी त्याच जीपमधून आणून सोडायची. आत्याबाईंनी पोटाकडे बघितलं, टाका दिसला नाही. "मग झालंच काय?" त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी आक्का जोंधळ्याच्या काढणीला. त्याच शिबिरात शेजारच्या एका बाईनं हट्ट करून टाक्याचं करून घेतलं होतं. सात टाके पडले आणि ती चौदा दिवस अंगणात खाटेवर बसून केस वाळवत होती. आक्का कितीतरी वर्षं ते बोलून दाखवायची, "मी मेली त्या डाक्टरनीच्या ग्वाड बोलन्याला भुलले."

माझा मुतखडा उपटला तो दिवाळीच्या सुट्टीत, माहेरी लोणंदला. चकल्या तळताना उजव्या कुशीत अशी कळ आली की झारा कढईतच राहिला. भावानं सातारला नेलं. तिथले सर्जन वयस्कर, भारदस्त. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. खडा चांगला सुपारीपेक्षा मोठा, आणि त्याला आल्यासारखे फाटे फुटलेले. "हा औषधानं विरघळणारा नाही, कापावं लागेल," ते म्हणाले आणि माझ्या पाठीपासून पोटापर्यंत हवेत बोटानं रेघ ओढली. "इथून इथपर्यंत. पंधरा टाके. त्यानंतर महिना-दीड महिना जड काम बंद."

भावाचा चेहरा पांढरा पडला. मी मात्र मनातल्या मनात मांडे खायला लागले. पंधरा टाके म्हणजे तीस दिवस. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पहाटे पाच वाजता पाण्याला जायचं, चार मोठ्यांचा आणि पाच पोरांचा स्वयंपाक, मग शाळा, शाळेतून आलं की परत चूल. दिवसाउजेडी पाठ टेकली ती दोन बाळंतपणांत, आणि बाळंतपणाला विश्रांती म्हणणारा माणूस पुरुषच असला पाहिजे. कुशीत कळा येत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरीही मला त्या पंधरा टाक्यांचा मोह सुटत नव्हता. मला झोपायचं होतं. दुसरं काही नको होतं.

पण भाऊ हौशी. त्याला कुणीतरी सांगितलं की सांगलीत एक डॉक्टर असले मोठे खडे न कापता काढतात. झालं, मला सांगलीला नेलं.

हे डॉक्टर तरुण होते आणि आपल्या कामावर खूश होते. त्यांनी खिशातलं पेन काढून दाखवलं. "एवढंच भोक पाडायचं पाठीतून, थेट किडनीत. त्यातून दुर्बीण घालायची, खडा आतल्या आत फोडायचा आणि तुकडे चिमट्यानं बाहेर काढायचे. पाच दिवसांत घरी."

"टाके किती?" मी विचारलं.

"एक," ते अभिमानानं म्हणाले. "तोही नळी जागेवर राहावी म्हणून."

इतकी वाईट बातमी इतक्या आनंदानं मला कुणी दिली नव्हती. मी चाचरत विचारलं, "मोठं कापूनच केलं तर नाही चालणार?" डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अहो, लोक पाया पडतात माझ्या, कापू नका म्हणून." मग त्यांनी मला समजावलं, की खडा पुन्हा होऊ शकतो, एकदा कापलेली जागा पुन्हा कापणं अवघड, किडनीचंही नुकसान जास्त. सगळं पटण्यासारखं होतं. शिकलेल्या बाईची हीच पंचाईत असते, पटलेलं नाकारता येत नाही. मी मान डोलावली आणि माझे तीस दिवस दोनावर आले.

जाता जाता त्यांनी विचारलं, "पाणी किती पिता?" मी सांगितलं, सकाळी निघताना एक फुलपात्र, मग पाचला घरी आल्यावर. ते चक्रावले. शाळेत पाणी नाही का? आहे. मग संडास नाही का? तोही आहे, पण त्याला कुलूप आहे. तो तपासणीला साहेब येतात तेव्हा दाखवायला बांधलाय, किल्ली हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात असते, आणि चार पुरुष शिक्षकांसमोर उभं राहून ती किल्ली मागण्यापेक्षा तहान सोसलेली बरी. डॉक्टरांनी कागदावर 'रोज तीन लिटर पाणी' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. कुलपावर त्यांच्याकडे औषध नव्हतं.

ऑपरेशनला कमरेखालचं अंग बधिर करून मला पालथं घातलं. त्यामुळे मी जागी होते. पाठीत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं आणि मग टकटक टकटक आवाज सुरू झाला. जात्याला टाकी लावतात ना, अगदी तसा. डॉक्टर मधूनच "वा, छान" म्हणायचे; ते मला म्हणतात की खड्याला, हे काही कळत नव्हतं. मी उशीत तोंड खुपसून एकच विचार करत होते, आत्याबाईंना काय सांगायचं?

पाठीतून एक नळी बाहेर काढून पिशवीला जोडली होती. दोन दिवस त्यात लालसर पाणी येत राहिलं, मग ते निवळलं. तिसऱ्या दिवशी परत फोटो काढला, आत काही उरलं नव्हतं. नळी काढली. टाकाही काढला. म्हणजे तो एक होता, तोसुद्धा गेला. खड्याचे तुकडे मला एका छोट्या बाटलीत घालून दिले.

घरी जायच्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. म्हसवडकडच्या होत्या, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी भोकावर बोटभर कापूस ठेवला, दोन चिकटपट्ट्या मारल्या आणि "झालं" म्हणाल्या. मी हात मागं नेऊन चाचपलं. पोस्टाच्या पाकिटावर मोठं तिकीट लावावं एवढंच काहीतरी हाताला लागलं. मला रडूच फुटलं.

"का गं? दुखतंय?"

"एवढंच?" मी म्हणाले.

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "सासू हाय?"

"आहे."

"येकत्रातच?"

"एकत्रातच."

त्यांनी जाऊन दार लोटलं, कपाटातून बँडेजच्या दोन मोठ्या गुंडाळ्या काढल्या आणि एखाद्या शिंप्यासारखं मला नजरेनं मापलं. "किती दिवसांचं बांधू?"

"महिन्याचं," मी म्हणाले.

त्यांनी बरगड्यांपासून कमरेपर्यंत वेढे घातले. मध्ये कापसाचा एवढा मोठा थर ठेवला की उजव्या बाजूनं मी दीडपट झाले. "पाच-सहा दिवसांनी सोडा, वारं लागू द्या. जखम दोन दिवसांत मिटंल. आनि कुनाला बोलू नगा, न्हाईतर समद्या हेच मागायला लागतील." एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही, पण देवापुढे दिवा लावताना पुष्कळदा त्यांची आठवण होते.

घरी आलो तेव्हा आत्याबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. तो ओवाळून टाकला आणि पहिला प्रश्न, "टाकं किती पडलं?"

"पंधरा," मी म्हणाले. निदान आकडा तरी एका डॉक्टरच्या तोंडचा असावा, म्हणून सातारचा वापरला. भाऊ पाठीमागं खोकला. आत्याबाईंनी माझ्या फुगलेल्या कुशीकडे बघितलं, दोन्ही हात जोडले. "पंधरा! देवा सिद्धनाथा!" नऊ वर्षांत माझ्याकडे त्यांनी इतक्या आदरानं कधी बघितलं नव्हतं. बाटली मात्र त्यांना पसंत पडली नाही. त्यांनी ती हलवून बघितली. "ही तर रस्त्याची खडी हाय. आख्खा दगुड कुटं हाय?" आत फोडून काढला म्हणून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग येवडं फाडलं कशाला?" प्रश्न अगदी रास्त होता. मी डोळे मिटून कण्हले.

माझी खाट सोप्यात खिडकीजवळ पडली आणि मी झोपले. पहिले दोन दिवस नुसती झोपले. नंतर जागी झाले तर दिसलं, की आमच्या सोप्यात सकाळी अकराला ऊन भिंतीवर येतं आणि दुपारी दोनला कोनाड्यापर्यंत जातं. मला हे ठाऊकच नव्हतं. आख्खं वर्तमानपत्र, अगदी शेवटच्या पानावरच्या बाजारभावापर्यंत वाचायचं सुख मला बत्तिसाव्या वर्षी कळलं. ऊन, पांघरूण, आयता चहा. बाया बघायला यायच्या, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायच्या, मी बारीक आवाजात बोलायची. फौजेतून नवऱ्याचं पत्र आलं, 'जखम भरेपर्यंत खाट सोडू नये, हा माझा हुकूम समजावा.' संसारात त्याचा एवढा एकच हुकूम मी शब्दशः पाळला.

आतून आवाज यायचे. पहाटे कळशा, मग जातं नाही तर चक्कीवर जायची घाई, भाकरी थापल्याचा आवाज, पाच पोरांचं केस विंचरणं, म्हशींचं शेण. पूर्वी या आवाजांत दोघींचे हात असायचे. आता ते सगळे आक्काचे होते. मला ऐकू यायचं, पण अंथरुणातून ऐकलेलं काम फार दूरचं वाटतं.

सहाव्या दिवशी अंघोळीची वेळ आली. मी एकटीच न्हाणीत जायला निघाले तर आक्का मागोमाग आली. "वाकू नगा, टाकं तुटतील. मी पानी घालते." मी नको नको म्हणाले. "आता लाजताय व्हय मला?" असं म्हणून तिनं बँडेजचं टोक शोधलं आणि सोडायला सुरुवात केली. मी पाठमोरी बसलेली. एक वेढा, दुसरा, तिसरा. कापसाचा थर निघाला. मग तिचं खरखरीत, ओलं बोट माझ्या पाठीवर टेकलं.

"हितंच?"

"हं."

"येकच?"

"एकच," मी म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

एवढ्यात बाहेरून आत्याबाईंची हाक आली, "टाकं बरं हायती का गं?"

आक्कानं तांब्या भरून घेतला. मग चांगलं खणखणीत ओरडून म्हणाली, "हायती! पंधराच्या पंधरा!" आणि माझ्या पाठीवर ऊन पाण्याचा तांब्या ओतला.

अंघोळ झाल्यावर तिनं ते बँडेज पुन्हा गुंडाळलं, सिस्टरनी बांधलं होतं त्यापेक्षाही घट्ट. त्याबद्दल नंतर एक अक्षर काढलं नाही. ताट तसंच येत राहिलं, चहा तसाच येत राहिला. उलट माझं खोटं माझ्यापेक्षा तीच चांगलं चालवायला लागली. बाया आल्या की मी कण्हायची आणि आक्का वर्णन करायची. "हितनं ह्ये हितवर फाडलंय," असं म्हणत ती स्वतःच्या कुशीवरून सावकाश हात फिरवायची. "बरगडी बाजूला सारली. दोन बाटल्या रगत दिलं." ऐकणाऱ्या बाया चक् चक् करायच्या. गोष्ट गावात फिरून परत येईपर्यंत टाके बावीस झाले होते. मला हसू आवरायचं नाही. आक्का हसत नसे.

एका दुपारी ती खाटेच्या पायथ्याशी बसून डाळ निवडत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "बाई, ह्यो मुतखडा कशानं हुतो वो?"

"पाणी कमी प्यालं की."

"किती कमी?"

"म्हणजे?"

"म्हंजे किती दिस पानी प्यायचं न्हाई, म्हंजे हुतो?"

मी हसले. म्हणाले, "दिवस नाही आक्का, वर्षं लागतात."

"वर्सं," ती म्हणाली. सुपातली डाळ तिनं एकदा पाखडली आणि म्हशीची धार काढायची वेळ झाली म्हणून उठून गेली. मी कूस बदलली आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

तीस दिवस मी पूर्ण घेतले. एकही दिवस सोडला नाही. मग तपासणीसाठी सांगलीला जायचं होतं, सोबतीला आक्का आली. डॉक्टरांनी माझी पाठ बघितली, भोकाची जागा शोधायला त्यांनाच जरा वेळ लागला. फोटो स्वच्छ होता. ते कागद लिहायला लागले तशी आक्का खुर्चीतून पुढे सरकली. आयुष्यात परक्या पुरुषाशी न बोललेली बाई, डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "डाक्टर, माजी बी कूस दुकती. लय दिस झालं. माजा बी फोटू काडा."

मला माहीत नव्हतं तिची कूस दुखते ते. डॉक्टर भले माणूस. त्यांनी फोटो काढला, शिवाय पोटावर यंत्र फिरवूनही बघितलं. निकाल येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. तिला चहा आणून दिला तर तिनं घेतला नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती डॉक्टरांच्या दाराकडे बघत बसली होती. दवाखान्यात लोक 'काही निघू नये' म्हणून देवाचा धावा करतात. ती काय मागत होती ते मला समजत होतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"काही नाही," डॉक्टर आले आणि हसत म्हणाले. "दोन्ही किडन्या उत्तम. कामानं अंग दुखतंय, बाकी ठणठणीत आहात."

"कायच न्हाई?"

"काहीच नाही."

"बारका बी न्हाई? नीट बगा की वो."

"अहो, आनंदाची गोष्ट आहे!" डॉक्टर म्हणाले. आक्कानं मान हलवली आणि उठली. तिचा चेहरा इतका पडला होता की बाहेरच्या सिस्टरनी मला हळूच विचारलं, काही वाईट निघालं का म्हणून.

एस.टी.त बसल्यावर मला राहवलं नाही. मी तिच्या कानाशी लागून म्हणाले, "आक्का, घरी सांगू या, तुम्हालाही खडा निघालाय. आजच्या आज काढला म्हणू. बँडेज मी बांधते, टाके किती ते तुम्ही सांगा. वीस म्हणा. आत्याबाईंना मी बघते. चांगले महिनाभर झोपा." मला खरंच वाटत होतं की मी तिला फार मोठं काहीतरी देतेय.

तासगाव गेलं. मला वाटलं, ती टाक्यांचा आकडा ठरवतेय. विट्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नगं."

"का? कळणार नाही कुणाला."

"तसं न्हाई वो," ती म्हणाली. "मी पडल्यावं तुमाला येकलीला समदं वडावं लागंल. त्यात तुमची साळा."

मी तीस दिवस त्या खिडकीजवळ पडून होते. सोप्यात ऊन कुठून येतं आणि कुठं जातं ते मी रोज बघितलं होतं. आक्का एकटी सगळं ओढतेय, हे मात्र एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.